बेलाच्या पानाची खूण

आमच्या गाडीचं नाव काय होतं, हे मला आज सत्तरी ओलांडल्यावरही खात्रीने सांगता येणार नाही. बॉनेटवर कधीकाळी पितळी अक्षरं होती म्हणे. ती आमच्याकडे येण्याआधीच कुणीतरी काढून नेली होती आणि त्यांच्या जागी सात बारीक भोकं उरली होती. विलायती होती एवढं खरं. लातूरहून बिऱ्हाड हलवताना एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ती माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, हवाली केली आणि म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या दारात ही उभी राहिलेली मला बघवणार नाही." एवढ्या बोलण्यावर आप्पा विरघळले. गाडीची हौस त्यांना कधीच नव्हती, पण कुणी विश्वास टाकला की नाही म्हणणं त्यांना जमत नसे. दुसऱ्यावर विश्वास टाकायची वेळ आली की मात्र हाच माणूस दहा वेळा पाणी गाळून प्यायचा.

आम्ही लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईच्या मागच्या बोळात राहायचो. खाली आप्पांची आडत, वर घर. सकाळी डोळे उघडायचे ते हमालांच्या आवाजाने. पोती मोजताना ते पहिल्याला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. लाभ, दोन, तीन अशी ती लांबच लांब ओळ जिन्याने वर यायची आणि तिच्यात आईच्या, अव्वाच्या, भाकरी थापण्याचा आवाज मिसळायचा. सोमवारी हुग्गी व्हायची, गहू भरडून गुळात शिजवलेली. एरवी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर दही. आप्पा पूजा आटोपून, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून जेवायला बसायचे आणि पहिला घास घेता घेता खाली उभ्या गाडीकडे खिडकीतून एक नजर टाकायचे. अव्वा म्हणायची, "बघून बघून पोट भरलं असेल तर चटणी वाढू का नको?" आप्पांना थट्टा कळायची, पण गाडीच्या बाबतीत कळत नसे.

गाडीला एक विचित्र दुखणं होतं. सुरू होताना ती एका हँडलात सुरू व्हायची, गावाबाहेर नाक्यापर्यंत गुणी लेकरासारखी चालायची आणि मग उचक्या देऊन बंद पडायची. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा सुरू. डॉक्टर गेल्यावर पहिल्या वर्षातच आप्पांनी तिला पाच मिस्त्रींना दाखवलं. एक म्हणाला कॉइल गेली, दुसरा म्हणाला प्लग, तिसऱ्याने पेट्रोलवर ढकललं, चौथा म्हणाला असल्या गाड्यांना इकडचं ऊन सोसत नाही. पाचव्याने नुसतं बॉनेट उघडलं, बंद केलं आणि चहा मागितला. गाडीचं नावही प्रत्येकाने वेगळं सांगितलं आणि प्रत्येक जण अगदी ठाम होता. अव्वाने शेवटी बंपरला लिंबू आणि बिब्बा बांधला. कुणाचं खरं मानावं हे आप्पांना कळेना. मी पंधरा वर्षांची होते. शहाणी माणसं एकाच गोष्टीबद्दल इतकं वेगवेगळं बोलू शकतात, हे मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला त्याची भीतीच वाटायला लागली होती.

हा सगळा खेळ तसाच चालला असता, पण अक्काला दिवस गेले. माझी थोरली बहीण नांदेडला दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण त्याआधी एकदा चौथ्या महिन्यात तिचं गेलं होतं आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की धक्के बसता कामा नयेत. तिच्या सासूबाई आल्यागेल्याजवळ निरोप पाठवत होत्या, "तुमच्या दारी गाडी हाय म्हणं. मंग आमच्या सुनेला यष्टीत कामून हापटत न्यायचं?" आप्पांनी उलट निरोप दिला की आठवा लागायच्या आत गाडी घेऊन येतो. निरोप देऊन झाल्यावर ते बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. शब्द तर दिला होता आणि गाडी नाक्याच्या पुढे जात नव्हती.

तेव्हा ग्यानोबा मिस्त्री आमच्या दारात आले. मूळचे मुखेडकडचे. आमच्या बोळाच्या टोकाला पत्र्याच्या टपरीत त्यांचं काम चालायचं, जास्त करून विहिरीवरच्या इंजिनांचं. हात कोपरापर्यंत काळे आणि बोलणं मोजकं. त्यांनी गाडी सुरू करायला लावली, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. बाकीच्यांनी हात लावण्याआधीच दुखणं सांगितलं होतं. हे पाच मिनिटं नुसते ऐकत होते. मग म्हणाले, "आप्पा, आवाज बराबर हाय. खाणं बराबर न्हाई. पेट्रोल नीट पोचंना."

आप्पांना माणूस पटला आणि पटला म्हणूनच त्यांची झोप उडाली. त्या काळी बाजारात बोललं जायचं की मिस्त्री लोक विलायती गाडीचे अस्सल भाग काढून घेतात आणि हलके बसवतात. आप्पांनी त्यावर आडत्याचा उपाय काढला. आडतीत माल आला की पोत्यावर दुकानाचा लाल मार्का पडायचा. आमचा मार्का बेलाचं पान होता, बोटाचे तीन ठिपके. वजनाला गेलेलं पोतं परत आलं आणि त्यावर बेल नसला की माल बदलला असं समजायचं, त्यात वाद नसे. आप्पांनी मला हाक मारली. "गिरजे, तुझी बोटं बारीक हायत. बॉनेटखाली जिथं जिथं हात पोचतो तिथं बेल काढ. कुणाला सांगू नको." मी शाळेत जाण्याआधी मार्क्याच्या रंगाचा डबा घेऊन तेवीस ठिकाणी बेल काढला. मला फार महत्त्वाचं काम मिळालं होतं आणि दिवसभर वर्गात मी नखांतला लाल रंग लपवत होते.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा आडतीच्या पायरीवर गोणपाट पसरलेलं होतं आणि त्यावर कार्बोरेटर वाळत ठेवलेला होता. रॉकेलचा वास बोळभर सुटला होता. सौद्याची वेळ, त्यामुळे हमाल, शेजारचे दोन आडते, माल घेऊन आलेले शेतकरी, सगळे होते. आप्पा मला म्हणाले, "गिरजे, खूण बघ." मी तो उचलला. गेला तेव्हा काळाकुट्ट होता. आता घासलेल्या जर्मलच्या पातेल्यासारखा पांढरा झाला होता आणि आतल्या पितळी नळ्या लखलखत होत्या. यंत्राचा इतका स्वच्छ भाग मी तोवर पाहिला नव्हता. हे मला दिसलं होतं. पण मला विचारलं होतं खुणेबद्दल. मी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "न्हाई आप्पा. बेल न्हाई."

"नीट बघ."

"न्हाई."

आप्पांचा चेहरा उतरला. ते मोठ्याने बोलणारे नव्हते, पण त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "मिस्त्री, आमचा माल आमाला वापस करा. अन् हा तुमचा चकचकीत माल तुमी घिऊन जावा."

ग्यानोबांनी आधी आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या वस्तूकडे. "हा तुमचाच हाय," एवढंच म्हणाले.

"आमच्या मालावर खूण होती."

ग्यानोबा पुढे झाले. माझ्या हातातून कार्बोरेटर घेतला, गाडीत बसवला, एकेक नट आवळला, हँडल मारून इंजिन सुरू झाल्याची खात्री केली आणि हत्यारं पिशवीत भरली. जाताना गाडीच्या मागच्या बाजूला हात करून म्हणाले, "टाकी खोलून घ्या. घाण टाकीत हाय. पुन्हा येईल." आप्पांना वाटलं, पकडला गेला तरी काम काढून ठेवतो आहे. संध्याकाळपर्यंत सगळ्या गोलाईत झालं होतं की ग्यानोबाने माल बदलला. आप्पांच्या शब्दाला बाजारात वजन होतं. पंधरा दिवसांत त्या टपरीला कुलूप लागलं आणि ग्यानोबा मुखेडला परत गेले.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. चोर सापडला होता आणि तो माझ्यामुळे सापडला होता. पण रात्री अव्वा ताक घुसळत असताना मी तिला विचारलं, "चोर माणूस चोरलेला भाग बसवून, नट आवळून जातो का?" अव्वा म्हणाली, "मला गाडीतलं काय कळतंय." मलाही कळत नव्हतं. मी खरं बोलले होते, त्यात तिळाएवढं खोटं नव्हतं, आणि तरी काहीतरी चुकीचं झालंय असं वाटत राहिलं.

मग शिवराज मिस्त्री आले. आमच्याच समाजाचे, गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, पांढरा शर्ट आणि नखं अगदी स्वच्छ. आप्पा म्हणाले, "आपला माणूस. हात बघ कसे हायत." मी पुन्हा बेल काढले, या वेळी टाकीच्या खालच्या नटावरसुद्धा. शिवराज मिस्त्रींनी दोन दिवस गाडी ठेवली. आप्पांनी त्यांना आडून विचारलं तेव्हा कार्बोरेटर अस्सल नाहीच, असंही सांगून टाकलं. टाकी खोलून साफ केली म्हणाले. मी खुणा तपासल्या. सगळ्याच्या सगळ्या जागेवर होत्या. गाडीही सुरेख चालायला लागली, नाका ओलांडून औशाच्या रस्त्याला गेली आणि परत आली. आप्पांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. आज या हाराची आठवण झाली की मला आप्पांचीच दया येते.

आम्ही नांदेडला गेलो, आप्पा गाडी चालवायला, मागे मी. अक्काच्या सासूबाईंनी चाकावर पाणी घातलं, अक्काला पाठीमागे उशी दिली आणि पहिल्यांदाच तोंडभरून हसल्या. लोह्यापर्यंत सगळं छान होतं. लोहा सोडून थोडं पुढे आलो आणि गाडीला उचकी लागली. मग दुसरी. मग ती रस्त्याच्या कडेला गप्प झाली. अर्धा तास थांबलो, पण या वेळी ती पुन्हा सुरू झाली नाही. चैताचं ऊन, एक चिंचेचं झाड आणि खाली अक्का, पाय सुजलेले, ओठ कोरडे. दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं. ती माझं मनगट धरून होती आणि मला तिच्या धरण्यावरून कळत होतं कधी दुखतंय ते. आप्पा हँडल मारून मारून घामाने निथळले होते. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

एक ट्रकवाले थांबले. त्यांनी पेट्रोलची नळी सुटी केली आणि तिच्यातून तांबडा गाळ गळला. "टाकी कवा खोलली होती?"

"मागच्या हप्त्यात," आप्पा म्हणाले.

ते गाडीखाली वाकले आणि आप्पांनाही वाकायला लावलं. "ह्या नटाला पाना लागलाच न्हाई. ह्याच्यावरचा रंग बगा, कसा जिथल्या तिथं हाय. कार्बोरेटर कुनीतरी धुतलाय म्हणून इथवर तरी आली."

आप्पा गाडीखालून बाहेर आले, पण उभे राहिले नाहीत, तिथेच मातीत बसले. अक्काने काय झालं ते विचारलं. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, खुणा, ग्यानोबा, सगळं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "नव्या भांड्याला कुंकू लावून आणतो आपण. घासल्यावर ते ऱ्हातं का गं?"

पुढे एस्टी आली. जिच्यात बसवणार नाही म्हणून शब्द दिला होता तिच्यातच आप्पांनी अक्काला हाताला धरून चढवलं. कंडक्टरने मागची आख्खी सीट रिकामी करून तिला आडवं निजवलं. गाडी मागाहून ट्रकला बांधून आणली. लातूरला पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी पंधरा दिवस उठू दिलं नाही, पण मूल राहिलं. ती भाची आता आजी झाली आहे.  लातूरला पोचल्याच्या चौथ्या दिवशी आप्पांनी मुखेड गाठलं. मला सोबत नेलं. का, ते सांगितलं नाही.

मुखेडचा बाजाराचा दिवस होता. बैलांच्या बाजाराच्या पलीकडे ग्यानोबा एका इंजिनापुढे उकिडवे बसले होते. आप्पांना पाहून उठले, हात पुसले, आम्हाला बसायला फळी दिली, चहा सांगितला. आप्पा फळीच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "टाकीत घाण होती."

"व्हतीच."

"खूण धुतल्यानं गेली. माझ्या ध्यानात आलं न्हाई."

"मला ठाऊक हाय," ग्यानोबा म्हणाले. "काढतानाच दिसली मला. तीन बोटं लाल. आडतीचा मार्का कोन वळखत न्हाई?"

आप्पा चमकले. "मंग ठेवायची की हो खूण."

"खूण ठेवायची म्हणल्यावर घाण बी ठेवावी लागली असती."

"पुन्हा लावायची. रंगाचा डबा दारातच होता."

"चोर असतो तर लावली असती की."

चहा आला. आप्पांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "मंग त्या दिवशी चारचौघांत बोलला कामून न्हाईत?"

ग्यानोबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, इंजिनाकडे पाहत बोलले. "तुमी मला ईचारलंच न्हाई, आप्पा. पोरीला ईचारलं. अन् पोरगी खरंच बोलली. तिला चारचौघांत खोटं कसं पाडू?"

मी त्या बाजारात, शेकडो माणसांसमोर, हमसून रडले. आज मागे वळून पाहते तेव्हाही मला नीट सांगता येत नाही की मी कशासाठी रडले. एका माणसाची रोजीरोटी माझ्या खऱ्या बोलण्याने गेली होती आणि त्या माणसाने ते माझं खरंपण जपलं होतं. यातलं माझं नेमकं किती चुकलं, हा हिशेब मला जमला नाही. तो लखलखता कार्बोरेटर मला दिसला होता, एवढं मात्र मी विसरू शकत नाही.

ग्यानोबा लातूरला आले, पण आप्पांनीच घातलेल्या अटीवर, की आपली चूक ते चारचौघांतच कबूल करणार. सौद्याच्या वेळेला, त्याच पायरीवर, तीच माणसं असताना आप्पांनी सांगितलं की माल बदलला नव्हता, मी माणूस ओळखायला चुकलो. ग्यानोबा तोवर संकोचाने गाडीखाली शिरले होते. त्यांनी टाकी उतरवली, तीनदा रॉकेलने धुतली, नळ्या फुंकल्या. सगळं झाल्यावर मला म्हणाले, "माय, रंगाचा डबा आन." आणि जो जो भाग त्यांनी धुतला होता त्यावर स्वतःच्या जाड बोटांनी बेल काढला. "आता कळंल, माजा हात कुठं कुठं लागला." ते बेल वेडेवाकडे होते, पानापेक्षा बेडकाच्या पावलांसारखे. त्यानंतर ती गाडी वीसेक वर्षं त्यांच्याच हातात राहिली आणि दर धुण्यानंतर त्यांनी बेल काढला. टपरी पुन्हा उघडली, पण पूर्वीएवढं गिऱ्हाईक आलं नाही. तेही सांगायला हवं.

आता आप्पा नाहीत, ग्यानोबा नाहीत. गाडी माझ्याकडे नांदेडला आहे, विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या घराच्या शेडमध्ये, कित्येक वर्षं बंद. या उन्हाळ्यात मनात आलं की ती एकदा चालावी. मुलगा फोनवर शोधून मिस्त्रींची नावं सांगत होता, प्रत्येक नावापुढे चांदण्या आणि लोकांची मतं. मी वाचत बसले आणि पुन्हा पंधरा वर्षांची झाले, काहीच कळेना. शेवटी एक पन्नाशीचे गृहस्थ आले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि कितीतरी वेळ हातच लावला नाही. मग मला हाक मारली. "मावशी, ह्या लाल खुणा कशाच्या हायत? धुवायला घेतलं की जातील."

ग्यानोबांचे शेवटचे बेल होते ते. धुळीत अर्धे बुजलेले, पण होते. मी शेडच्या खांबाला धरून उभी राहिले. राहू द्या म्हणावं, असं फार वाटलं. ते गृहस्थ वाट बघत थांबले होते.

"धुवा," मी म्हणाले आणि घरात आले.

संध्याकाळी त्यांनी झालं म्हणून बोलावलं. मुलगा चष्मा लावून बॉनेटखाली वाकणार, तेवढ्यात मी त्याला हाताने मागे केलं. स्टूल ओढून त्या मिस्त्रींच्या समोर बसले आणि म्हणाले, "तुम्ही काय काय केलंत, ते मला तुमच्या तोंडून सांगा." ते पहिल्या नटापासून सांगायला लागले. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही, पण मी शेवटपर्यंत ऐकलं.